हाड पोखरणाऱ्या पेशींना इशारा कोण देतं?

हाड पोखरणाऱ्या पेशी आपल्या आपणच वाढतात, असं काही जण म्हणतात, पण मला ते पटलं नाही. त्यांना इशारा मिळतो तो हाड बांधणाऱ्या पेशींच्याच कुळातून. गिडियन रोडन आणि जॉन मार्टिन यांनी १९८१ मध्ये हा तर्क मांडला, तेव्हा इशारा देणारा रेणू कुणी पाहिलाही नव्हता! तो रेणू म्हणजे रँकएल (RANKL) नावाचं प्रथिनच, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. मला हे फार मोठं काम वाटतं.

त्याच रेणूला अडवणारं डेनोसुमॅब हे ठिसूळ हाडांवरचं औषध माझ्या आईला दर सहा महिन्यांनी टोचतात. एक गोष्ट आवर्जून सांगतो: हे इंजेक्शन मनाने थांबवू नका. असर ओसरला की हाड पोखरणं आधीपेक्षा जास्त जोराने सुरू होतं, मणकेसुद्धा मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर आधी दुसरं औषध ठरवतात.