अख्ख्या शिवारात एकच जी-९ (ग्रँड नैन) जातीची केळी, धोका आहे का?

रावेरचा केळीवाला: आमच्याकडे सगळी टिश्यू कल्चरचीच (लॅबमध्ये एकसारखी तयार केलेली रोपं) जी-९, घड सारखे येतात, कटाई एका टायमाला, व्यापारी पण तीच मागतो. पण रोग आला तर सगळंच जाईल ना? थोडी बसराई जात लावू का?

यावलकर: भाऊ बसराईने फरक नाही पडणार, ती पण जी-९ सारखी कॅव्हेंडिश या केळीच्या गटातलीच, श्रीमंती जात पण. आधी निर्यातीत ग्रो मिशेल केळी चालायची, पनामा मर या झाड वाळवणाऱ्या बुरशीच्या रोगाने १९५०-६० च्या सुमारास ती बाजारातून गेली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता टीआर-४ नावाची मर कॅव्हेंडिशला पण धरते, बिहार-यूपीत आलीये, बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते, औषधाने जात नाही. खूप काळजी वाटते.

चोपडा: खरंय, पण माल एकसारखा म्हणूनच कंटेनर भरतो ना, जी-९ सोडून कसं चालेल. बाहेरचे कंद आणूच नका, ट्रॅक्टरची चाकं धुवा. पानं खालून पिवळी पडून मोडली तर खोड आडवं कापून बघा, आत लालसर तपकिरी डाग दिसले तर लगेच कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

रावेरचा केळीवाला: आणि हरण्या रोग?

चोपडा: तो व्हायरस दादा, मावा कीड पसरवते. काकडी-भोपळ्यावर पण तो राहतो, म्हणून केळीत ते लावू नका.