एडिसनची सहा भावंडं शोधताना

ताई: थॉमस एडिसनच्या भावंडांची यादी नुसत्या १८५०च्या अमेरिकी जनगणनेवरून करू नका. सात मुलांत तो धाकटा, पण तोवर तिघं गेलेली. कार्लाइल १८४२ला, सॅम्युएल १८४३ला, एलायझा १८४७ला. सात वर्षांचं त्यातलं कुणीच झालं नाही.

दादा: १८४०ची पाहूनही फारसं हाती लागत नाही, ताई. तेव्हा फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीचे वयोगटाच्या रकान्यातले नुसते आकडे. घरातल्या माणसांची नावं १८५०पासून येतात.

काका: मृत्यूचा दाखलाही नाही मिळणार. हे कुटुंब तेव्हा राहत होतं त्या ओहायो राज्यात सरकारी नोंदणी सुरू झाली १८६७ला. त्यामुळे अशा मुलांसाठी दफनभूमी, चर्चच्या वह्या आणि ज्यात घरातले जन्म-मृत्यू लिहून ठेवत ते घरचं बायबल, एवढेच मार्ग. बायबल मिळालं तर आधी छपाईचं वर्ष बघा. पुस्तक १८६०चं आणि नोंदी १८३०पासूनच्या, सगळ्या एकाच शाईत, एकाच हातच्या असतील, तर त्या मागाहून आठवून लिहिल्यात. तिथल्या तारखांना दुसरा आधार हवाच.

मावशी: मोठ्या बहिणींचं काय? मरियनचं लग्न १८४९ला झालं, नवरा होमर पेज. म्हणून १८५०ला तिला एडिसन नाही, पेज आडनावाने शोधायचं. हॅरिएट सासरची बेली. लग्नाच्या नोंदी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत असतात. एडिसनचं जन्मगाव मायलान १८३८पासून ईरी काउंटीत, त्याआधी ह्युरॉनमध्ये. चुकीच्या काउंटीत शोधलं की ‘नोंद नाही’ असंच उत्तर येतं.

भाचा: मावशी, जन्मस्थळाचा रकाना इथे फार कामाचा. पहिली चार मुलं कॅनडातल्या व्हिएन्ना गावची. तिथल्या १८३७च्या उठावात भाग घेतल्यावर वडील अमेरिकेत पळाले, मग १८४०पासूनची मुलं ओहायोची. विल्यम पिट १८३१चा, त्याच्यापुढे ‘ओहायो’ दिसलं तर थांबून तपासायचं. अर्थात गणना करणाऱ्याला कोण काय सांगेल याचा नेम नाही, तेवढ्यावरून नोंद बाद करू नये.

दादा: नावांचा गोंधळ तर आहेच. आजोबा सॅम्युएल, वडील सॅम्युएल, तीन वर्षांचा होऊन गेलेला भाऊही सॅम्युएल. १८९६चा मृत्यू वडिलांचा आहे. प्रत्येक सॅम्युएलपुढे जन्मवर्ष आणि गाव लिहिल्याशिवाय वंशावळीत जोडूच नका.

ताई: शिवाय १८५० ते १८७०च्या गणनेत नात्याचा रकानाच नाही, तो १८८०ला आला. एका घरात एक आडनाव म्हणजे भावंडं, असं धरलं की पुतणेही भावंडं होऊन बसतात.

आत्या: सावत्र बहिणी कुणी धरल्याच नाहीत! आई नॅन्सी १८७१ला वारली. वडिलांना पुढे मेरी शार्लोपासून तीन मुली झाल्या. मुलीचं वय आणि आईच्या मृत्यूचं साल नेहमी शेजारी ठेवून पाहावं.

काका: बरोबर आहे. घरच्या पत्रव्यवहारासाठी रट्गर्स विद्यापीठाचा एडिसन कागदपत्रांचा प्रकल्प बघा, बरंचसं ऑनलाइन आहे. ‘काका’ असा उल्लेख आला की लिहिणारा कुठल्या भावंडाचा मुलगा ते शोधायचं. विल्यम पिटचा मुलगा चार्ली तर एडिसनकडेच कामाला होता.

भाचा: १८९०च्या गणनेची बहुतेक पानं १९२१च्या आगीत गेली. १८८० ते १९०० मधली वीस वर्षं कुटुंब पुढे जिथे राहायला गेलं त्या मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनच्या शहर-डिरेक्टऱ्यांवरून भरा: नाव, धंदा, पत्ता असतो, आणि बऱ्याचदा विधवेपुढे नवऱ्याचं नावही.