‘रेंज’ला मराठीत काय लिहायचं?

टिळकवाडीची अनुवादक
खानापूर, निपाणी भागात खांबावर चढून वायरलेस जोडण्या करणाऱ्या मुलांसाठी एक तपासपत्रक मराठीत आणतेय. मूळ इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. कच्चा मसुदा मुलांना वाचायला दिला, तर त्यांनी तिन्ही ठिकाणी ‘रेंज’ घातलं. ‘रेंज उणे ७०च्या खाली जाऊ नये’, ‘या अँटेनाची रेंज ५ किलोमीटर’ आणि ‘रेंज ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झ’. तीन शब्द हवे आहेत, आणि खांबावर उभं राहून तोंडात बसतील असे हवेत.

निपाणी नाका
ताई, प्रश्न नुसत्या शब्दाचा नाही. तक्रारवहीत ‘रेंज नाही’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तीन आजारांना तीन औषधं लागतात. सिग्नल क्षीण असेल तर अँटेना वाऱ्यानं हलली असेल किंवा कनेक्टरात पाणी शिरलं असेल. अंतरच जास्त असेल तर खांबावर कितीही खटपट करा, मधे आणखी एक रेडिओ लागणारच. आणि एक रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर, दुसरा ५.८ वर असेल तर दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येणार नाही. माझे शब्द घ्या: जोर, पल्ला, पट्टा. लांब पल्ल्याची तोफ म्हणतोच की आपण.

शब्दवेडा
‘पल्ला’ उत्तम. धान्याच्या एका जुन्या मापालाही पल्ला म्हणत, पण आता गोंधळ व्हायचं कारण नाही. बंदुकीचा ‘टप्पा’ही चालेल. ‘पट्टा’ मात्र इकडं मोटारीचा. ‘पट्टा बदला’ लिहिलंत तर कोणी पाना घेऊन धावेल.

चिकोडी रोड
‘जोर’ला एक अडचण आहे. आकडा उणे असतो. उणे ७० डीबीएमवरून (जोर मोजायचं एकक) उणे ६० झाला तर जोर दहापट वाढला. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. पण मुलं ‘उणे’ गिळतात, मग ‘जोर ७० चा ६० झाला’ हे वाचणाऱ्याला घट वाटते. पत्रकात प्रत्येक आकड्याआधी ‘उणे’ अक्षरात लिहा, नुसती आडवी रेघ नको. फोटोकॉपीत ती उडते.

शिवाय एकट्या जोरावर निदान होत नाही. जोर उणे ६५ आणि मागची खरखर उणे ९५, तर मधे ३० डेसिबलचं अंतर, काम झकास. तोच जोर खडेबाजारात, जिथं प्रत्येक दुकानात राउटर आहे, तिथं खरखर उणे ७५ पर्यंत चढलेली असेल तर हाताशी १० उरतात. ‘रेंज फुल, नेट नाही’ ते हे. तिथं जोर वाढवू नका, चॅनल बदला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ क्रमांकाचे चॅनल एवढेच एकमेकांवर न चढणारे.

शब्दवेडा
‘खरखर’ छान. पुस्तकी ‘गोंगाट’ माणसांचा असतो. पण मग गिगाहर्ट्झात मोजतात ती ‘फ्रीक्वेन्सी’ इंग्रजीतच का ठेवायची? ‘वारंवारता’ शाळेत शिकवतात.

हलशीकर
वारंवारता म्हणजे किती वेळा. एसटीचीही असते. विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, कंप पावणाऱ्या वस्तूचा गुण. जास्त नेमका शब्द तो.

निपाणी नाका
नेमका असेल, पण खांबावर कोण म्हणणार? ‘फ्रीक्वेन्सी’ हा आता मराठीच शब्द झालाय. वापरणारे हजारो, आक्षेप घेणारे चार.

हलशीकर
वापरतात म्हणून बरोबर, हे मान्य नाही. तसं असतं तर ‘रेंज’वर ही चर्चाच नको होती.

चिकोडी रोड
त्याहून मोठा खड्डा कन्नड कागदात आहे. कन्नड वर्तमानपत्रं स्पेक्ट्रमला, म्हणजे फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्याला, ‘तरंगांतर’ लिहितात. आपला माणूस ते वाचतो आणि दोन तरंगांमधलं अंतर, म्हणजे तरंगलांबी समजतो. फ्रीक्वेन्सी आणि तरंगलांबी एकमेकींच्या उलट चालतात. ३० ला गिगाहर्ट्झनं भागा, सेंटिमीटर येतात. ५.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५.२ सेंटिमीटर. दोन आकडे इतके जवळ की चूक डोळ्यांत भरत नाही. २.४ ला मात्र १२.५ येतात, तिथं लगेच कळतं. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ २४० मीटर. एकच केंद्र, दोन आकडे.

टिळकवाडीची अनुवादक
हे पत्रकात घालते. आता अँटेनाचा ‘गेन’? ‘लाभ’ लिहिलंय.

निपाणी नाका
‘लाभ’ नको. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच एका दिशेला गोळा करते. ‘झोत’ म्हणा. २३ डीबीआय (गेनचं एकक) असलेल्या डिशचा झोत साधारण १० ते १२ अंशांचा. ५ किलोमीटरवर १ अंश म्हणजे ८७ मीटर, त्यामुळं क्लॅम्प जरा ढिला राहिला तरी बोंब. आधी आडवी फिरवून सर्वांत चांगला आकडा शोधा, मग उभी. आणि कडेच्या छोट्या झोतावर समाधान मानू नका. आकडा वाढून कमी झाला तरी आणखी पुढं फिरवून बघा, खरा झोत पुढं असू शकतो.

हलशीकर
‘लाइन ऑफ साइट’ला ‘दृष्टिरेषा’ लिहिलं असेल तर तेही अपुरं. ‘टॉवर दिसतोय, मग चालायला पाहिजे’ ही इकडची नेहमीची चूक. लहरींना नुसती रेघ पुरत नाही, विटीच्या आकाराची जागा लागते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगीर. ५ किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला मध्यावर तिची त्रिज्या ८ मीटर. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे ४.८ मीटर मोकळी हवी. सपाट रानात दोन्ही टोकांना ६ मीटरचे खांब असले तर मोकळ्या जमिनीवर भागतं. उसाच्या लागणीच्या वेळी जोडणी सुरेख चालते. ऊस ३ मीटर झाला की मोकळी जागा उरते ३ मीटर, आणि पानांत पाणी असतंच. जोर उतरतो, तोडणी झाली की आपोआप सुधारतो, आणि मधल्या काळात दोनदा रेडिओ बदलून झालेला असतो. या जागेला मी ‘मोकळीक’ म्हणतो.

शब्दवेडा
‘मोकळीक’ म्हणजे परवानगी, सूट. जागेला ‘मोकळवण’ म्हणा.

चिकोडी रोड
जांबोटी, कणकुंबीकडं ‘पावसानं रेंज जाते’ म्हणतात, तेही असंच चुकीचं निदान. ५.८ वर जोरदार पावसातही ५ किलोमीटरमागे एखाद-दोन डेसिबलच जातात. जातं ते कनेक्टरात शिरलेल्या पाण्यानं. आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर, कौलांसारखी एकावर एक गुंडाळा. वरून उन्हाला टिकणारी काळी टेप. केबल पेटीत शिरण्याआधी खाली वळसा द्या, पेटीच्या भोकापेक्षा खाली. त्या वळशाला इकडं काही शब्द आहे का?

हलशीकर
पागोळी. वळचणीवरून गळते ती.

निपाणी नाका
पागोळी म्हणजे गळणारं पाणी, वळसा नव्हे.

टिळकवाडीची अनुवादक
‘पागोळीचा वळसा’ लिहिते. ‘पट्टा’ अजून राहिलाय.