मदत हवी आहे: जाताना सव्वातीन तास, येताना सात, मग विमान खरंच उडतं किती वेळ?

प्राजक्त_७: तिकीट आज रात्रीच काढायचं आहे, लवकर सांगा. जाताना विमान 7:00 ला सुटून 10:15 ला पोचतं. येताना 11:30 ला सुटून 18:30 ला. मार्ग तोच, थांबा नाही. मग खरा वेळ कुठला? सोबत आई आहे, तिला इन्सुलिन चालू आहे.

कोकणकडा: कुठून कुठे?

प्राजक्त_७: आफ्रिकेतच. नैरोबीहून.

कोकणकडा: अहो, केवढा मोठा खंड आहे तो! नैरोबीहून कुठे ते लिहा, त्याशिवाय कोण काय सांगणार?

प्राजक्त_७: लागोस. ताई असते तिथे.

वादळवारा: सोपं आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, पश्चिमेला निघालात की लागोस आपणहून जवळ येतं. म्हणून जाताना वेळ कमी.

भूगोलवाला: साफ चूक. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी सुमारे 1,670 किमी आहे. तुमचं खरं असतं तर लागोस दीड तासात आलं असतं!

प्राजक्त, नैरोबीचं घड्याळ लागोसच्या 2 तास पुढे आहे आणि तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात. जाताना सव्वातीनमध्ये 2 मिळवा, सव्वापाच. येताना सातातून 2 वजा करा, पाच. हवाई अंतर सुमारे 3,800 किमी. ताशी 850 ने साडेचार तास, बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि चढण्या-उतरण्यात.

वादळवारा: मग मुंबई–लंडनला जाता-येता तासाभराचा फरक पडतो तो कशाने?

भूगोलवाला: तो जेट प्रवाहाने, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याने. तो विषुववृत्तापासून बराच दूर वाहतो. हा मार्ग विषुववृत्ताला धरून युगांडा, काँगो, कॅमेरूनवरून जातो.

गजा_अदिस: अदिस अबाबामार्गे जा. मला नेहमी स्वस्त पडतं.

रानजाई: आईंना घेऊन? अदिस नैरोबीच्या उत्तरेला, तिथे जायलाच 2 तास. पुढे लागोसला पाचाच्या वर, शिवाय मधे ताटकळणं वेगळं. थेट मिळतंय तर सोडू नका. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, खाली सामानात गोठू शकतं. डोस डॉक्टरांना विचारा. त्यांना एवढंच सांगा, पाच-सव्वापाच तास विमानात आणि घड्याळ 2 तास मागे.



रानजाई: आणि पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड आहे ना? लागोसला उतरताना लागतं, नैरोबीला परतताना लागतं. भारतात येताना नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

प्राजक्त_७: माझं आहे. आईचं 2013 चं आहे, त्यावर 10 वर्षांचीच मुदत लिहिली आहे. संपलं म्हणायचं का?

रानजाई: नाही. 11 जुलै 2016 पासून ते आजन्म वैध धरतात, आधीच्या कार्डांनाही तोच नियम. मूळ कार्ड जवळ ठेवा, फोनमधला फोटो पुरत नाही.

प्राजक्त_७: थेटचंच काढतोय. डॉक्टरांना सकाळी फोन करतो.