पाणी कुठं मुरतंय? कूलंट गळतीचे अनुभव

माझी डिझेल एसयूव्ही २०१५ ची, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. राहतो ठाण्यात वागळे इस्टेटजवळ, कामाला रोज महापेला. गेले चार महिने गाडी आठवड्याला कटिंगच्या ग्लासाएवढं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) पितेय. पार्किंगमध्ये जमिनीवर थेंब नाही, तापमानाचा काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नाही, आणि तरी दर रविवारी कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने आधी बाटलीचं टोपण बदललं. मग रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला जिथे ॲल्युमिनियमची जाळी दाबून बसवलेली असते तिथे पांढरे डाग दिसले, म्हणून रेडिएटर नवा. पंधरा दिवस सुखाचे गेले, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप), खालचा होज, सगळ्या क्लिपा. १६ हजार गेले आणि आता तो म्हणतो, "हेड उतरवून बघू या." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून विचारतोय. तुमच्या गाडीचं पाणी कुठं मुरत होतं? पार्ट कोणता बदलला ते लिहाच, पण सापडलं कसं ते जरा पाल्हाळ लावून लिहा.

ऐरोलीकर

माझा अनुभव लाजिरवाणा आहे. मे महिन्यात वॉचमनचा फोन आला, "साहेब, गाडीखाली तळं झालंय." घाबरून टो करून नेली. एसीचं पाणी निघालं! आपल्या दमट हवेत तासभर एसी चालला की एवढं गळायचंच. तेव्हापासून थेंब बोटावर घेऊन बघतो. पाणी असेल तर बोट लगेच सुकतं, कूलंट असेल तर बुळबुळीत राहतं आणि रंग दिसतो. चाखून बघायच्या फंदात पडू नका. ते गोडसर असतं, पण विषारी. सांडलं तर लगेच धुऊन टाका, सोसायटीतली मांजरं चाटतात.

घोडबंदर रोडवरून

आमच्याकडे चोर गाडीच्या आत होता. पावसाळ्यात सकाळी काच आतून धुरकट व्हायची, पुसली तरी तेलकट पट्टे राहायचे. गाडीत गोडसर वास. मुलगी म्हणायची, "आई, कुणी सरबत सांडलंय का?" डावीकडचा गालिचा ओला, तर मी रोज दाराच्या रबराला दोष देत होते. एक दिवस टिश्यू दाबून धरला, तर गुलाबी. डॅशबोर्डच्या मागचा हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, फुटला होता.

पार्ट फारसा महाग नव्हता, पण डॅशबोर्ड उतरवायची मजुरी त्याच्या तिप्पट. मेकॅनिक म्हणाला, "ताई, ठाण्यात हीटर कोण लावतं? दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो." दोन महिने तशीच चालवली, खोटं कशाला बोलू. पण काही इंजिनांत पाणी फिरायला तोच मार्ग लागतो, तेव्हा आपल्या गाडीत चालतं का हे विचारल्याशिवाय करू नका. एक गोष्ट मात्र कळली. कूलंट फार खाली गेलं की हीटर गरमवर ठेवला तरी हवा गार येते. पाणी सेन्सरपर्यंत पोचत नसेल तर काटा बिनधास्त खोटं बोलतो. मी आता महिन्यातून एकदा हीटर लावून बघते, भर उन्हाळ्यातसुद्धा. घरचे वेड्यात काढतात.

खारघर

वॉटर पंप, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप. पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथूनच पाणी बाहेर येतं. माझ्या गाडीत भोकाखाली गुलाबी खरपुड्या जमल्या होत्या. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असल्यामुळे बेल्ट, टेन्शनर, पंप एकदम बदलले. पुन्हा तेवढं उघडायला कोण बसतंय?

कळव्याचे काका

अहो, जुन्या जीपची गोष्ट सांगतो. नाशिकला निघालो होतो, कसारा घाटात बोनेटमधून वाफा. भाच्याने घाईघाईत टोपण फिरवलं आणि मनगट भाजून घेतलं. टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे, प्रेशर कुकरची शिटी समजा. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, टोपणाच्या दाबाखाली १२५ च्या पुढे तग धरतं. टोपण उघडलं की दाब गेला आणि सगळं एकदम उसळून अंगावर. अर्धा-पाऊण तास थांबायचं, वरचा पाइप हाताला कोमट लागला की मग फडकं धरून हळूहळू फिरवायचं.

ढाबेवाल्याने मूठभर हळद आणून रेडिएटरमध्ये ओतली. हसू नका, गळती थांबली! नाशिकला पोचलो, परतही आलो. पुढे रेडिएटरवाल्याने तो खोलला तेव्हा निम्म्या नळ्यांत पिवळा चिखल. त्याने वर सल्ला दिला, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील." काढला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवणारी झडप, ती नसल्यावर इंजिन धड तापेना, डिझेल जास्त जायला लागलं. ८२ की ८८ अंशांना उघडणारा होता तो, गाडीच्या पुस्तकात बघून तसाच नवा बसवला तेव्हा ताळ्यावर आली.

वाशी

धागाकर्ते, हेड अजिबात उतरवू देऊ नका, आधी माझं ऐका. माझीही डिझेल, तुमच्यासारखीच, बाहेर थेंब नाही. मलाही हेड गॅस्केटच (हेडखालचं सील) गेलंय असं सांगितलं होतं. तुर्भ्याच्या एका मेकॅनिकने बाटलीच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी धरली. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्याचा रंग बदलतो. निळं ते निळंच राहिलं. मग सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का बघायला सांगितलं. येत होता. ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला होता, कूलंट थेट इंजिनात जाऊन जळत होतं.

तुम्ही हाताच्या पंपाची प्रेशर टेस्ट करून घेतलीत का? थंड इंजिनवर, टोपणावर १.१ बार छापलं असेल तर तेवढाच दाब द्यायचा, त्याच्यावर नाही. मग पंपाच्या काट्याकडे बघत बसायचं, तो उतरला की कुठेतरी गळतंय. आणि नवा रेडिएटर टाकल्यावर पंधरा दिवस बरं का गेलं त्याचा विचार करा. एक भोक बुजलं की सगळा दाब पुढच्या कच्च्या जागेवर येतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. वाशीकर, प्रेशर टेस्टर घेऊन शनिवारी बसलो. दहा मिनिटांत काटा १.१ वरून ०.८ वर, आणि थेंब कुठेच नाही. टॉर्च आणि फोनचा कॅमेरा इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) घातला. तिथे हीटरच्या पाइपांना जोडणारा प्लास्टिकचा टी-जॉइंट, त्याला केसाएवढी चीर. थेंब खाली टर्बोच्या पत्र्यावर पडत होता आणि गरम गाडीत तिथेच वाफ होऊन जात होता. पत्र्यावर चुन्यासारखे ओघळ आहेत. चार महिने कुणीही तिथे वाकून पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.

जॉइंट ३५० रुपयांचा. प्लास्टिक पुन्हा तडकेल म्हणून पितळेचा शोधला, मापाचा मिळाला नाही. गाडीचं तोंड सोसायटीच्या चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढली, बुडबुडे थांबायला वीस मिनिटं लागली. बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे, रोज सकाळी इंजिन थंड असताना बघतो. आज सतरावा दिवस, पातळी रेघेवरच. जुना रेडिएटर बाल्कनीत पडलाय. त्याचीही प्रेशर टेस्ट करावी असं वाटतं, पण चांगला निघाला तर काय, म्हणून टाळतोय.