चार दिवसांसाठी आलेली भुभू: तुमच्याकडे कोण येऊन गेलं?

सुपारीफूल
काल डायनिंग टेबलाला पॉलिश करायला सुतार आलेला. एका पायावर दातांचे खड्डे. "ताई, लांबी भरून बुजवतो." मी घाईघाईने म्हटलं, नको, तो पाय राहू दे. बघतच राहिला बिचारा.
ते दात भोंडल्याचे. २०१९ च्या पावसात सिंहगड रोडला चेंबरमधून काढलेलं, महिन्याभराचं पिल्लू. "चार दिवस ठेव, घर बघते" म्हणणाऱ्या मैत्रिणीचे चार दिवस अडीच महिने चालले. गोचिड्या, जंत, खरूज, सगळं. रात्री दर दोन तासांनी शू. सासूबाई पहिला आठवडा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट आडवा लावून बसायच्या. नंतर स्वतःच त्याला पेजेत अंडं कुस्करून भरवू लागल्या (आमच्याकडे अंडं चालत नाही!). तो दत्तक गेला त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.
लिहा तुमचेही.

कुंदकळी
काळी आणि मादी. झालं, समजा! भावंडं महिन्यात गेली, ही सात महिने आमच्याकडे. काळं पिल्लू फोटोत दिसत नाही म्हणून गळ्यात पिवळी ओढणी बांधून काढले. लशी, ऑपरेशन सगळं आम्ही करून देतो म्हटलं तरी "मेल नाहीये का?" शेवटी आमचीच. नाव ओढणी.

खोडरबर
ओढणी 😂

मुपोवाई
पार्व्होबद्दल (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) कोणीच कसं लिहिलं नाही? दोन पिल्लं होती. तीन दिवस सलाईन, एक गेलं. रक्ताची हगवण आणि तो वास. डॉक्टर म्हणाले, विषाणू घरात महिनोन्‌महिने राहतो, फिनाईलच्या भरवशावर राहू नका, ब्लीचने पुसा, आणि इतक्यात लस न झालेलं पिल्लू आणू नका. तेव्हापासून मोठेच कुत्रे घेतो. त्यांना तसंही कोणी विचारत नाही.

हळवंमांजर
अरेरे मुपो. पहिली लस कधी द्यायची? आमच्या पार्किंगमध्ये पाच झालीत. सध्या दूध-ब्रेड देतेय.

मुपोवाई
साधारण दीड महिन्याला पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची. रेबीजची तीन महिन्यांनंतर. दूध-ब्रेड आजच बंद, जुलाब लागतील. आणि दात लागला तर 'पिल्लूच तर आहे' म्हणत बसू नका, स्वतः इंजेक्शन घ्या.

लिफ्टबंद
आमच्याकडे पिल्लापेक्षा कमिटी चावरी. कुत्र्याला लिफ्टबंदी, घर सहावा मजला, कुत्रा तीन पायांचा! अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक नोटीस बोर्डावर लावलं, लिफ्ट नाकारता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या दिवशी गायब. परत लावलं, परत गायब. आता लॅमिनेट करून लिफ्टमध्येच चिकटवलंय.

खोडरबर
लिफ्टबंद, तुमची सोसायटी आमचीच का हो? पाण्याचा टँकरही दिवसाआड?

लिफ्टबंद
टँकरवर वेगळा धागा काढा.

टेक्सासकर
इकडे शेल्टर खाणं, औषधं सगळं देतं, आपण फक्त घर द्यायचं. माझ्याकडचा म्हातारा लॅब तीन महिन्यांत मराठी शिकला. न्यायला आलेल्या आजोबांना 'बस', 'गप' आणि 'चल भूर' चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं. 'गप' त्यांना भलतंच आवडलं, बायकोला म्हणून बघितलं लगेच.

कुंदकळी
हाहाहा. सुपारीफूल, भोंडल्या आता कुठे असतो? आणि काकूंची पेज कशी करायची? ओढणी दोन दिवस खात नाहीये.

सुपारीफूल
चिंचवडला. दिवाळीला फोटो येतो, ढोल्या झालाय. पेज म्हणजे आसट भात, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, वरून उकडलेलं अंडं. पण दोन दिवस खात नसेल तर पेज राहू दे, आधी गोचीड तापाची टेस्ट कर गं. कुकर झालाय, बाकीच्यांना रात्री लिहिते.