मदत हवी आहे : जुन्या भिंतीलगतच्या सामुदायिक बागेतील ओल

नमस्कार. एका ऐतिहासिक सार्वजनिक जागेच्या पडीक आवारात आम्ही काही जणांनी रीतसर परवानगी घेऊन सामुदायिक बाग केली असून, लोक तेथे निवांत बसू लागले आहेत. अडचण आहे ती चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीची. पायथ्याशी सतत पाणी मुरले, तर ओल वर चढते, क्षार फुलतात आणि सांध्यांमधला चुना भुसभुशीत होतो, म्हणून जमीन न खणता उंच वाफ्यांत उथळ मुळांची झाडे लावण्याचा विचार आहे. (वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी काढता येत नाही, हे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतील तत्त्व आम्हांला जरा उशिराच उमगले.) वाफे भिंतीपासून किती अंतरावर असावेत आणि ठिबक सिंचनाने ओल खरोखर आटोक्यात राहते का, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे.